निळ्या पडद्यापुढे शेंडगे बाई

'फॉरमॅट' हा शब्द शेंडगे बाईंसमोर काढायची सोय नव्हती. संगणक अडून बसला की त्याच्या हार्ड डिस्कवरचं होतं नव्हतं ते पुसायचं आणि पहिल्यापासून सगळी मांडामांड करायची, याला फॉरमॅट म्हणतात, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. दौंडहून देखभालीला येणारा तंत्रज्ञ थोडा वेळ बटणं दाबायचा आणि म्हणायचा, "मॅडम, फॉरमॅट मारावं लागेल." बाई त्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यायच्या. खरोखर काढून घ्यायच्या. "डोकं दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचं मुंडकं उडवणारा वैद्य तुम्ही," म्हणायच्या. "आधी काय दुखतंय ते बघा. मग चहा घ्या."

मी त्या शाळेत मराठी शिकवायचो. वरवंडच्या पुढं हमरस्ता सोडून आत गेलं की ते गाव. शाळा एका संस्थेची, आणि त्या संस्थेच्या अशा चार-दोन शाळा दौंड आणि शिरूर तालुक्यांत पसरलेल्या. माझं घर शिरूरला. सोमवारी सकाळी एस.टी.नं न्हावरे, चौफुला करत यायचं आणि शनिवारी दुपारी तसंच परत जायचं. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरचे ते दिवस. शाळेला संगणक मिळाले, आणि ते शिकवायला मागोमाग शेंडगे बाई आल्या.

उंचीनं बेताच्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. अंबाड्यात एक छोटा स्क्रूड्रायव्हर कायम अडकवलेला असायचा. विज्ञानाची पदवी, वर संगणकाचा डिप्लोमा. नवरा सणसवाडीला एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि तिथंच खोली करून राहायचा. बाई आमच्या गावात खोली घेऊन राहायच्या. "दोन खोल्या, दोन चुली, भांडण फक्त रविवारी," असं त्या सांगायच्या.

त्यांची पहिली ओळख झाली ती शिक्षकांच्या बैठकीत. पंधरा ऑगस्ट जवळ आला होता. मुख्याध्यापक ढमाले सर स्वभावानं गरीब. खाली बघत कामं वाटत होते. "महिला शिक्षकांनी रांगोळी आणि पाहुण्यांचं चहापाणी बघावं," असं ते म्हणाले, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "का म्हणून?"

ढमाले सरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे, दरवर्षी तसंच असतं."

"दरवर्षी असतं ते कळलं, सर. का असतं ते विचारतेय."

ढमाले सरांनी यादीचा कागद उलटून पाहिला. शेवटी त्या वर्षी चहा पी.टी.च्या शिक्षकांनी केला. पाहुण्यांनी तो एकेक घोट घेऊन ठेवून दिला. रांगोळी मात्र पहाटे येऊन शेंडगे बाईंनीच काढली, चांगली फाटकापासून झेंड्यापर्यंत. मी विचारलं, "मग त्या दिवशी नको का म्हणालात?" त्या रंगाचे हात झटकत म्हणाल्या, "मला रांगोळी आवडते. सांगितलेली आवडत नाही."

भांडायला त्यांना कारण लागायचं, पण फार मोठं लागायचं नाही. एस.टी. थांब्याच्या पुढं नेऊन उभी केली की त्या कंडक्टरशी भांडायच्या. मुलींना खेळाचा तास दिला नाही म्हणून वेळापत्रक करणाऱ्या सरांशी भांडल्या. माझ्याशीही एकदा 'संगणक' या शब्दावरून भांडल्या. तो काही फक्त गणित करत नाही, मग त्याला असं नाव का, असं त्यांचं म्हणणं. मी शब्दाची फोड करून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पटलं नाही."

त्यांचे वडील, आबा, एकदा शाळेत आले होते. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. त्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. आता शिरूरकडं थोडी जमीन घेऊन स्थिरावले होते. ढमाले सरांनी त्यांना खुर्ची पुढं केली. आबा म्हणाले, "मला हितंच बरं," आणि शिक्षकांच्या खोलीत भिंतीला टेकून फरशीवर बसले. आम्ही सगळे बाईंच्या तोंडाकडं बघत होतो. आता या वडिलांशीही भांडणार असं वाटलं. बाई उठल्या आणि आबांच्या शेजारी फरशीवर बसल्या. मग आम्हाला खुर्चीवर बसवेना. हळूहळू सगळे खाली उतरलो. ढमाले सर तेवढे अर्धे उठून, अर्धे बसून राहिले.

आबा म्हणाले, "ही ल्हान व्हती तवा हिला मेंढरं वळायला ठिवली, तर ही मेंढरालाच इचारायची, तिकडं कशाला चाललीस म्हणून. मेंढरू सांगतंय व्हय? पार पांगून जायची. तवाच म्हणलं, हिला साळंतच घालावी."

साळा म्हणजे एक नव्हे. दिवाळी झाली की कळप कोकणाकडं निघायचा. पावसाच्या आधी माघारी. वाटेत जिथं मुक्काम लांबेल तिथल्या शाळेत बाई जाऊन बसायच्या. कुठं पुस्तक वेगळं, कुठं बोली वेगळी, कुठं बसायची जागाच नाही. हे त्या स्वतःहून कधी सांगत नसत. आबांनी सांगितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

लॅबमध्ये त्यांनी एक पद्धत पाडली होती. प्रत्येक मुलीला तिच्या नावाचा एक कप्पा करून दिला होता आणि त्याला त्या 'पेटी' म्हणायच्या. पेटीला मुलीनं स्वतःचा गुप्त शब्द लावायचा. तो कुणालाही सांगायचा नाही, बाईंनासुद्धा नाही. आठवी-नववीच्या त्या मुली. कुणाचा बाप गुऱ्हाळावर, कुणाची आई कांद्याच्या रोजावर, घरात पाचसहा भावंडं आणि एक कपाट. पेटीत त्या काय ठेवायच्या कोण जाणे. चित्रं, गाणी टाइप केलेली, काहीबाही लिहिलेलं. तास संपला तरी उठायच्या नाहीत. ढमाले सरांनी एकदा विचारलं, "बाई, मुली एवढं काय लिहितात, आपण तपासायला नको का?"

"मी बघितलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"अहो पण शिक्षक म्हणून..."

"शिक्षक म्हणूनच बघितलेलं नाही."

त्यांना सगळंच जमायचं असं मात्र नव्हे. कासुर्डीचा एक फोटो स्टुडिओवाला आपल्या संगणकाची डिस्क घेऊन त्यांच्याकडं आला होता. एका लग्नाचे सगळे फोटो तिच्यात अडकले होते. डिस्क चालू केली की आतून टक् टक् वाजायचं. बाकीच्यांनी हात वर केले होते, म्हणून बाईंनी ती हट्टानं ठेवून घेतली. कितीतरी दिवस त्या तिच्यामागं होत्या. वेगवेगळ्या संगणकांना लावून पाहिली, केबल बदलली, कान लावून ऐकली. शेवटी एक दिवस त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. "मेली," म्हणाल्या. "मी उगीच बढाई मारली."

स्टुडिओवाला त्या लग्नघरी जायला घाबरत होता. बाई म्हणाल्या, मी सांगते. आणि खरंच रविवारी एस.टी.नं कासुर्डीला गेल्या. सोमवारी आल्या त्या फुरंगटूनच. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. नवरी म्हणाली, आमच्या लक्षात हाय की सगळं. सासूनं मला जेवू घातलं. ती माणसं भांडली असती तर बरं वाटलं असतं."

पुढं मे महिन्याच्या सुट्टीत शाळेमागच्या खांबावर वीज पडली. लॅबमधले सगळे संगणक गेले. ऑफिसमधला एक तेवढा वाचला, कारण लेखनिक सुट्टीवर जाताना त्याची पिन काढून ठेवायचा. तंत्रज्ञ आला, डब्यांची झाकणं उघडून वास घेतला आणि सगळे मदरबोर्ड, म्हणजे आतल्या मुख्य पाट्या, जळाल्याचं सांगून गेला. बाईंनी त्यानंतर एकेक हार्ड डिस्क काढली आणि ऑफिसच्या संगणकाला जोडीला लावून पाहिली. डिस्का शाबूत होत्या. मुलींच्या पेट्या जागच्या जागी दिसत होत्या.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. मोठे बागाईतदार. सोसायटीत, पंचायतीत, सगळीकडं त्यांचा शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या भिंती त्यांनी उन्हात उभं राहून बांधून घेतल्या होत्या, त्यामुळे भिंतींच्या आत जे काही आहे ते आपलंच असं त्यांना वाटायचं. लॅबची खोली नेमकी रस्त्याच्या कडेला होती आणि त्यांच्या पतसंस्थेला जागा हवी होती.

ते खोली बघायला आले तेव्हा मी प्रवेशाच्या कामासाठी शाळेतच होतो. जळक्या डब्यांकडं बघून आप्पा म्हणाले, "झालं ते झालं, बाई. पोरी आता शिवणकाम शिकतील. ह्या खोलीत पतसंस्था बसवू."

"खोली लॅबची आहे, आप्पा."

"लॅब हाय कुठं? जळाली की."

"डबे जळाले. लॅब हितं हाय." बाईंनी खांद्यावरची कापडी पिशवी पुढं धरली. एकेक डिस्क पंच्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यात ठेवलेली होती. रागावल्या की त्यांच्या तोंडात घरची बोली यायची.

आप्पा हसले. त्यांना बाईंचा राग येत नसे, निदान तेव्हा तरी येत नव्हता. "बरं. साळा उघडंल त्या दिवशी चालू करून दाखवा. न्हाई चालली तर मी काउंटर आणून ठिवनार. मंग 'का म्हणून' इचारायचं न्हाई."

"इचारणार न्हाई."

बाईंच्या नवऱ्याच्या कारखान्यात जुने संगणक मोडीत निघत होते. बाईंनी ढमाले सरांकडून शाळेच्या नावानं विनंतीअर्ज सही करून घेतला. सर सही करेपर्यंत त्या टेबलापासून हलल्या नाहीत. सणसवाडीहून कडब्याच्या टेम्पोत घालून ते डबे आले. वर कडबा, खाली संगणक. कारखान्यानं देताना प्रत्येकातली हार्ड डिस्क काढून घेतली होती, आपली कागदपत्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून. म्हणजे इकडं डबे गेलेल्या डिस्का आणि तिकडं डिस्का गेलेले डबे. बाईंना वाटलं काम झालं.

पहिली डिस्क बसवली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं की डिस्क सापडत नाही. बाईंनी डिस्कच्या पाठीमागची बारीक पिन हलवली, केबल उलटसुलट केली. मग डिस्क सापडली. विंडोजचं ते खिडक्यांचं चित्र पडद्यावर उमटलं, बाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि चित्र जाऊन सगळा पडदा निळा झाला. वर इंग्रजीत काहीतरी दटावणी. मग संगणक स्वतःच बंद होऊन चालू झाला. पुन्हा चित्र, पुन्हा निळा. दुसरी डिस्क लावली, तीच गत. दुसऱ्या डब्यात लावली, तीच गत.

दौंडचा तंत्रज्ञ म्हणाला, आता तरी फॉरमॅट मारा, तासाभरात सगळे चालू होतील. त्याचं चूक नव्हतं. पण नव्यानं भरायला सीडी कुठल्या? ज्यानं शाळेला संगणक दिले त्यानं एकही सीडी दिली नव्हती. मराठी टायपिंग, शिकवण्याचे धडे, सगळं त्या डिस्कांतच होतं. आणि पेट्या होत्या. पेट्या ऑफिसच्या संगणकात उतरवून ठेवता आल्या असत्या, मी तसं सुचवलंही. बाई म्हणाल्या, "ऑफिसच्या संगणकावर दिवसभर माणसं बसतात, सर. मुलींनी त्यांचं तिथं ठेवलेलं नाही."

"पण त्यात आहे तरी काय एवढं?"

"मला काय माहीत? त्यांचं आहे, एवढं माहीत आहे."

मग त्या डब्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि मला समजावून सांगू लागल्या. मला यातलं किती कळेल याची त्यांना पर्वा नव्हती, त्यांना बोलायचं होतं. डिस्क चांगली आहे, डबाही चांगला आहे. पण डिस्कला जुन्या मदरबोर्डशी बोलायची सवय झाली आहे. नव्याची भाषा तिला येत नाही. जागी होते, ओळखीचं कुणी दिसत नाही, म्हणून घाबरून डोळे मिटते. "मला दर चार महिन्यांनी नवी शाळा असायची, सर. पहिल्या दिवशी गुरुजी काय बोलतात ते मलाही कळायचं नाही. म्हणून कुणी मला फॉरमॅट केलं का?"

त्या दौंडला सायबर कॅफेत जायला लागल्या. इंटरनेटवर जगभरचे लोक एकमेकांना अडचणी विचारतात अशी एक जागा त्यांनी शोधली होती, तिथं मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. बहुतेकांनी उत्तर दिलं, फॉरमॅट करा. बाईंनी त्यांतल्या काहींशी इंग्रजीत भांडण काढलं. कॅफेवाल्यानं मला पुढं सांगितलं की टाइप करताना त्या मोठ्यांदा बोलायच्या आणि बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायची. शेवटी कुठल्याशा देशातल्या कुणीतरी लिहिलं की डिस्क ज्या जातीच्या संगणकातली होती तसा एखादा चालू संगणक असेल तर तिला आधी तिथं न्या.

तसा एकच होता. ऑफिसमधला. लॅबच्या संगणकांबरोबरच आलेला, त्यांचाच सख्खा भाऊ.

हे उत्तर मिळालं शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. त्यामुळे शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी, ऑफिसपुढं दाखले आणि प्रवेशासाठी पालकांची ही गर्दी जमलेली असताना, शेंडगे बाई आत शिरल्या, लेखनिकाला खुर्चीवरून उठवलं आणि अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर काढून ऑफिसचा संगणक उघडला.

ढमाले सर धावत आले. "बाई, दाखले थांबलेत."

"हातानं लिहा, सर. पूर्वी लिहीतच होता की."

"मी मुख्याध्यापक आहे, बाई."

"म्हणून तर तुमच्या ऑफिसात आलेय. दुसरीकडं कुठं जाऊ?"

सरांनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग शाईचं पेन काढलं आणि स्वतः दाखले लिहायला बसले. त्या माणसाचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत पतसंस्थेचं लाकडी काउंटर होतं आणि पुढं आप्पांची जीप. आप्पा लॅबच्या दारात जाऊन उभे राहिले. आत सगळ्या पडद्यांवर निळं. त्यांनी गड्यांना हाक मारली, "उतरवा रं."

बाई ऑफिसच्या खिडकीतून म्हणाल्या, "आप्पा, काउंटर उतरवू नका. परत चढवायला माणसं लागतील."

आप्पा खिडकीपाशी आले. "बाई, उघड सांगतो, हे डबे चालनार न्हाईत."

"उघड्या डोळ्यांनी बघा मग. इथं उभं राहून बघा."

लॅबमधली पहिली डिस्क त्यांनी ऑफिसच्या संगणकात बसवली. बटण दाबलं.  खिडक्यांचं चित्र आलं, गेलं, आणि निळ्याऐवजी पडद्यावर मुलींनी रंगवलेलं शाळेचं चित्र उमटलं. कौलं लाल, झाड जांभळं. दारात गोळा झालेल्या मुलींमधून कुणीतरी हळूच म्हणालं, "आमचा हाय."

बाई वळल्या नाहीत. त्यांनी आत कुठल्या कुठल्या याद्या उघडल्या. जुन्या बोर्डशी बोलायची खास भाषा होती ती काढून टाकली आणि तिच्या जागी साधी, कुठल्याही बोर्डला कळेल अशी भाषा लावली. मग पडद्यावर एक चौकोन आला. बाईंनी बोटानं तो दाखवला.

"आता हा विचारतोय, मी पुन्हा चालू होऊ का? इथंच सगळे 'हो' म्हणतात आणि फसतात. पुन्हा इथंच चालू झाला तर परत जुनंच धरून बसेल. काय म्हणायचं?"

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. मोठ्या माणसांनी भरलेल्या खोलीत बोलायची त्यांना सवय नव्हती. आप्पा तर खिडकीतच होते.

"काय म्हणायचं?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही," एक मुलगी म्हणाली.

"ऐकू आलं नाही."

"नाही," सगळ्या म्हणाल्या, आणि तो आवाज ऑफिसात एवढा घुमला की दाखले लिहिणारे ढमाले सर दचकले.

बाईंनी संगणक बंद केला, डिस्क काढली, पदरात धरून लॅबमध्ये नेली आणि सणसवाडीच्या डब्यात बसवली. मागोमाग आम्ही सगळे. आप्पाही आले. खिडक्यांचं चित्र आलं. गेलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.  मग कोपऱ्यात एक रेघ लुकलुकली आणि जांभळ्या झाडाची शाळा पुन्हा समोर आली. पाठोपाठ पडद्यावर निरोपांची रांग लागली. नवीन हे सापडलं, नवीन ते सापडलं. बाई प्रत्येक निरोपाला "हां, हां, सापडंल हळूहळू," असं लहान मुलाला म्हणावं तसं म्हणत होत्या.

मुली धक्काबुक्की करत पुढं झाल्या. एकीनं आपली पेटी शोधली, गुप्त शब्द घातला. बाईंनी लगेच तोंड दुसरीकडं फिरवलं आणि आम्हालाही हातानं तसं करायला सांगितलं. आप्पांसकट आम्ही सगळे पुरुष भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो.

दुपारपर्यंत एकामागून एक डिस्का ऑफिसात गेल्या आणि लॅबमध्ये आल्या. एक मात्र काही केल्या मानेना. बाईंनी तिच्यापुढं हात जोडले आणि झाकण उघडं ठेवून ती कोपऱ्यात मांडली, मुलींना आतलं दाखवायला म्हणून. बाकीचे चालले. आप्पा बराच वेळ ट्रॉलीला टेकून बसून होते. मग उठून गड्यांना म्हणाले, "न्या रं जुन्या जागंला." जाताना ते बाईंपुढं थांबले.

"बाई, तुमच्यात लय मुजोरी हाय."

"हाय, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. त्यात रागही होता आणि दुसरंही काहीतरी होतं, पण राग जास्त होता हे पुढं कळलं.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर बाईंच्या बदलीचा आदेश आलेला. संस्थेची शिरूर तालुक्यातली शाळा, आत बरीच आडबाजूला. तिथं संगणक तर नव्हतेच, विजेचाही भरवसा नव्हता. ढमाले सरांनी आदेश त्यांच्यापुढं ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी तो दोनदा वाचला. मला वाटलं आता शाळा डोक्यावर घेतील. त्यांनी पोचेच्या प्रतीवर लिहिलं, 'आदेश मिळाला. मान्य नाही. रुजू होत आहे.' आणि खाली ठसठशीत सही केली.

"मान्य नाही तर जाता कशाला?" मी बाहेर आल्यावर विचारलं. "सगळे मिळून आप्पांकडं जाऊ."

"तिथंही मुली असतील ना, सर," त्या म्हणाल्या. "'मान्य नाही' हे आप्पांसाठी. त्याची शिक्षा मुलींना कशाला?"

निरोपसमारंभ करू दिला नाही. लॅबच्या किल्ल्या त्यांनी ढमाले सरांच्या हातात दिल्या. "खोली सोडली तर मी परत येईन," असं त्यांना सांगितलं. सरांनी ती खोली सोडली नाही. आप्पांनी दोनदा विषय काढला, पण सरांनी त्यांच्या गरीब आवाजात दोन्हीदा "मुलींचे तास चालू आहेत" एवढंच उत्तर दिलं. त्या डब्यांनी अजून कितीतरी वर्षं काम केलं. पतसंस्थेनं शेवटी चौकात गाळा घेतला.

बाई मला त्यानंतर एकदाच दिसल्या. सोमवारी सकाळी मी शिरूरच्या स्टँडवर नेहमीच्या गाडीत खिडकीपाशी बसलो होतो. पलीकडच्या फलाटावर आतल्या गावांकडं जाणारी गाडी लागली होती, खच्चून भरलेली. दाराशी शेंडगे बाई उभ्या होत्या. थोड्या वाळल्या होत्या, केसांत पांढरं दिसत होतं. त्यांच्या पायाशी एक भला मोठा जुना मॉनिटर होता, चादरीत बांधलेला. कुठून मिळवला होता त्यांनाच ठाऊक.

कंडक्टर म्हणत होता, "बाई, टीव्ही टपावर टाका."

"टीव्ही नाही. आणि टपावरही जाणार नाही. काच आहे. माझ्या मांडीवर बसेल."

"मांडी कुठं हाय? आत उभं राहायला जागा न्हाई. मागच्या गाडीनं या."

"मागची गाडी दुपारी आहे. माझा पहिला तास आहे."

कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि दोरी ओढली. घंटी वाजली. मी हाक मारणार होतो, पण तेवढ्यात माझीच गाडी हलली. स्टँडच्या फाटकाकडं वळताना मी खिडकीतून मान काढून मागं बघितलं. बाईंनी तो मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून गाडीच्या थेट पुढं नेऊन ठेवला होता आणि त्याच्या शेजारी, कमरेवर हात ठेवून, त्या ड्रायव्हरकडं बघत उभ्या होत्या. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. पुन्हा एकदा वाजवला. मग त्यानं इंजिन बंद केलं.